लाल जागा

सई आणि निखिल,

मागच्या आठवड्यात सईचा टांझानियातून, ती शिकवते त्या शाळेतून, फोन आला. लाइन खरखरत होती, मागे मुलांचा गलका चालला होता. ती म्हणाली, "आजी, बाकीचे खडू निम्मे तरी आहेत. लाल तेवढा संपला. प्रत्येकाला लालच हवा असतो. तू काय करायचीस गं?" मी म्हटलं, वीट उगाळ, गेरू मिळतोय का बघ. ती हसली, फोन तुटला, आणि मी रिसीव्हर हातात घेऊन तशीच बसून राहिले.

सई, मी तुला गेरूपर्यंतच सांगितलं. त्याच्या पुढचं खरखरणाऱ्या लाइनवरून सांगण्यासारखं नव्हतं. गेल्या माघात तुमच्या बाबांनी मला गाडीतून कवठे महांकाळच्या बाजूला नेलं होतं. तिथल्या एका अंगणात मी जे पाहिलं ते कुणाशी बोलले नाही. पण आता तूच परक्या मुलखात, परक्या मुलांपुढे, अपुरे रंग घेऊन उभी आहेस. तेव्हा ते लिहून ठेवते.

आमच्या वेळी परमुलखात जायला बोट लागत नसे. सातारा इंग्रजांच्या मुलखात होता आणि मी गेले ते गाव संस्थानात. मध्ये हद्दीचा एक दगड काय तो होता. तरी माझ्या आजीने निघताना हातावर दह्याची कवडी घातली ती मी विलायतेला निघाल्यासारखी. मी सांगलीच्या कॉलेजात इंटरपर्यंत शिकले होते, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि घरी बसले होते. युद्धाची वर्षं होती. माझे मामा त्या गावच्या शाळेचे हेडमास्तर. त्यांनी कळवलं, इथल्या मुलांना चित्र म्हणजे काय ते दाखवायला कुणी नाही, पगारही नाही, येतेस का? मी गेले.

साताऱ्याची हवा ओली. आमच्या माडीवरून अजिंक्यतारा दिसायचा, पावसाळ्यात तोही दिसेनासा व्हायचा आणि घरातल्या पुस्तकांना बुरशीचा वास यायचा. सांगलीला पेठेत शिरलं की हळदीचा वास नाकात बसायचा, तो सुट्टीत घरी आल्यावरही ट्रंकेतल्या कपड्यांतून येत राहायचा. आणि मिरजेहून अरुंद रुळांच्या लहान गाडीत बसून पूर्वेकडे निघालं की हे दोन्ही वास हळूहळू सुटत जायचे. खिडकीतून तापलेल्या मातीचा, बाभळीच्या फुलांचा आणि मेंढरांचा वास यायला लागला की समजायचं, आपण पोचलो. अजूनही कुणी ओली घोंगडी वाळत घातली की मी क्षणभर त्या गावात असते.

शाळा म्हणजे एक लांब ओसरी आणि तिच्यामागे एक खोली. कागद तेव्हा औषधालाही मिळत नव्हता. मामांनी ओसरीची चुन्याने रंगवलेली भिंत आम्हाला देऊन टाकली. म्हणाले, "मिरगाच्या आधी पुन्हा चुना मारायचाच आहे. तोवर काय हवं ते काढा." मी साताऱ्याहून एक विलायती रंगपेटी नेली होती, झाकणात पांढरे खळगे असलेली. ती काही दिवसांत चाटूनपुसून संपली. तिच्यातला लाल सगळ्यांत आधी गेला. सई, तो सगळीकडेच आधी जातो.

मग मी मुलांना सांगितलं, घरात जो रंग असेल तो आणा. पिवळ्यासाठी हळद आली. निळ्यासाठी धुण्याची नीळ, काळ्यासाठी कंदिलाच्या काचेवरची काजळी, तांबूस हवा तर कुंभाराकडचा गेरू. हिरव्यासाठी घेवड्याचा पाला दगडावर वाटायचा. तो ओला असताना हिरवागार आणि वाळला की शेणासारखा. बाभळीचा डिंक भिजवून त्याच्या पाण्यात करवंट्यांमधून रंग कालवायचे. जोंधळ्याच्या धाटाला शेळीचे केस बांधून मुलांनीच कुंचले केले. डिंकाचा आंबूस वास, ओल्या चुन्याचा वास, आणि भिंतीला नाक लावून बसलेल्या मुलांचे श्वास. माझी भाषा त्यांना पुस्तकातली वाटायची. मी "सुरेख" म्हटलं की ती एकमेकांना कोपरानं ढोसायची आणि दिवसभर प्रत्येक गोष्टीला सुरेख म्हणत फिरायची. भाकरी सुरेख, शेळी सुरेख, मास्तरांची छडीसुद्धा सुरेख.

हौसा त्यांच्यातलीच. परकराचा काचा मारलेला, कोपरापर्यंत काजळी. ती रेघ ओढायला लागली की बाकीच्यांची बडबड थांबायची. तिचा बाप पलटणीत होता.

"कुठं असतो गं तुझा बाप?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"मिसरात."

"म्हणजे इजिप्तला. कुठं आहे ते?"

"लय लांब. मिरजेच्या म्होरं."

दिवाळीपासून त्याची खुशाली आली नव्हती. हे मला हौसाने नाही, मामीने सांगितलं. गावात त्याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नसे. पोस्टमन त्यांच्या दारावरून मान खाली घालून जायचा.

हौसाने भिंतीवर चित्र काढायला घेतलं होतं ते बाप घरी आल्याचं. वाटेवरून डोक्यावर ट्रंक घेतलेला माणूस येतोय. दारात तिची आई, हातात तबक. चौकट, उंबरा, तुळस, सगळं झालं होतं. आईच्या कपाळाची जागा मात्र तिने कोरी ठेवली होती. मी गेरू दिला. तिने बोटाला लावून पाहिला आणि पुसून टाकला. "ह्यो मातीचा हाय, बाई. आयच्या कपाळाला कसा लावू?"

दुसऱ्या दिवशी ती ओच्यात काहीतरी लपवून आली. लाखेचा रंग उडालेला लाकडी करंडा. तिने झाकण काढलं, आणि मुलांनो, सगळ्या करड्या माळावर तेवढाच एक रंग उरल्यासारखा तो दिसला. सांगलीच्या हळदीचं कुंकू असणार, वास ओळखीचा होता.

"कपाळापुरतं, बाई," हौसा म्हणाली.

तिने आईला विचारलं होतं का, हे मी विचारलं नाही. करंडा कुणाचा, कशाला असतो, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. माझ्या आईचा रोज सकाळी पाहत होते. मला त्या क्षणी फक्त रंग दिसला. डिंकाचं पाणी घातलेली करवंटी समोर होती. मी करंडा तिच्यात पालथा केला.

ती दुपार मला नीट आठवते. मुलं एकमेकांच्या अंगावर पडून त्या करवंटीकडे धावली. कोंबड्यांना तुरे आले, मिरच्या लाल झाल्या, बैलांच्या शिंगांना रंग चढला, एकाने धनगराला एवढं मोठं मुंडासं घातलं की माणूस त्याच्याखाली दिसेना. पांढरी भिंत पेटल्यासारखी दिसत होती. मामा खोलीतून बाहेर येऊन पाहत उभे राहिले, हातातला खडू विसरून. हौसाने कुंचला घेतला नाही. उजव्या हाताची अनामिका करवंटीत बुडवून तिने आईच्या कपाळावर टेकवली, खरोखरीच्या कपाळावर टेकवावी तशी. मी त्या दिवशी फार आनंदात होते. हेही लिहायला हवं.

मला अर्धवट काम आवडत नाही, हे तुम्ही जाणता. कुणाची वस्तू परत करायची तर स्वच्छ करून. मी तो करंडा राखेने घासला, कडेच्या खाचांत अडकलेलं कुंकू काडीने टोकरून काढलं, पदराने कोरडा करून उन्हात ठेवला आणि शाळा सुटताना हौसाच्या हातात दिला. "आईला म्हणावं, बाईंनी थँक्यू सांगितलंय."

संध्याकाळी मामी दिव्याची वात सारखी करत होती. मी मोठ्या उत्साहाने तिला भिंतीचं वर्णन सांगितलं. ती ऐकत होती, हसतही होती. मग तिचा हात थांबला.

"करंडा हौसाच्या आईचा?"

"हो. परत दिला की. घासून पुसून दिला."

मामीने वात तशीच सोडली. "घासून?" ती हळू म्हणाली. "अगं, तळाशी चिमूटभर तरी ठेवायचं असतं. ज्या घरचा माणूस लढाईवर, त्या घरात कोरा करंडा पाठवलास?"

त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही.

सकाळी मामीने कुंकू, हळद, खण, नारळ, ओटीचे गहू असं सगळं तबकात घेतलं आणि आम्ही हौसाच्या घरी गेलो. अंगणात शेणाचा सडा ओला होता. हौसाची आजी, म्हणजे तिच्या बापाची आई, दारातच बसली होती. तिने आम्हाला या म्हटलं नाही.

"या की सातारकरीणबाई," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "आज काय न्यायचंय? जोडवी हायती, मंगळसूत्र हाय. रंगाला चालतंय का बघा."

"आत्याबाई, पोर आहे ती. चुकली," मामी म्हणाली.

"पोर? शिकल्याली हाय. शिकल्याल्यास्नी आमी काय सांगायचं? आमचं कुकू कोंबड्याच्या तुऱ्याला लावलं म्हनं. कोंबडा मस जगंल आता. माज्या ल्योकाचं काय?"

हौसाची आई आतून आली. तिच्या कपाळाला कुंकू होतं. शेजारणीकडून बोट लावून घेतलं होतं, हे तिनेच सांगितलं. मामीने करंडा काठोकाठ भरला, तिची ओटी भरली. मी उंबऱ्याबाहेर तबक धरून उभी होते. हौसाची आई मला एक वाकडा शब्द बोलली नाही. फक्त करंड्याचं झाकण लावताना बोटाचं टोक माझ्यापुढे धरून म्हणाली, "येवढंसं मागितलं हुतं तिनं, बाई. पोरगी रात्रभर त्येच म्हनती. येवढंसंच मागितलं हुतं."

मी म्हटलं, हौसाला बोलू नका, चूक माझी आहे.

"चूक कुनाची का असंना," आजी दारातून म्हणाली. "पोरानं घरातनं कुकू भाईर न्हेलं. माजा ल्योक माज्या डोळ्यानं दिसू दे, मग धाडीन तिला साळंत. तवर न्हाई."

हौसा आत कणगीच्या मागे होती. मला तिचे पाय दिसत होते.

मी शिकले होते ते पुस्तकांतून. युद्धभूमीवरच्या गोळीचा आणि लाकडी डबीचा काही संबंध नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या घराकडे जाऊन हे कुणाला सांगणार? आणि खरं सांगू, पोस्टमन गल्लीत शिरला की मीही हातातलं काम टाकून तो कुठल्या दाराशी थांबतो ते बघायची.

शाळा चालू राहिली. पण मुलांनी लाल वापरला नाही. मी काही सांगितलं नव्हतं. मी नवा गेरू आणला, पळसाची फुलं उकळून पाहिली. मुलं बाजूला सारायची. जिथे लाल हवा तिथे भिंत कोरी सोडायची.

"बाई, माजा कोंबडा बिनतुऱ्याचा दिसतोय," एकजण कुरकुरला.

"मंग कोंबडी म्हन की तिला," दुसरा म्हणाला. "हौसाचा बा आल्यावर तुरा लाव. मग कोंबडा हुईल."

हसण्यासारखंच होतं ते. पण बाईमाणूस काढायची वेळ आली तेव्हा कुणी हसलं नाही. कोरं कपाळ काढायचं कसं? मुलांनी आपापसांत काय ठरवलं देव जाणे. त्यानंतर त्या भिंतीवर आलेली प्रत्येक बाई पाठमोरी होती. विहिरीकडे निघालेली पाठमोरी, चुलीपुढे पाठमोरी, जात्यावर पाठमोरी. अंबाडे, बुचडे, पाठीवरचे पदर. रोज सकाळी मी वर्गात शिरले की भिंतभर बाया माझ्याकडे पाठ करून उभ्या असायच्या. वाळलेल्या डिंकाला उन्हात भेगा पडत, त्याचा बारीक तडतड आवाज येई. हौसाचं चित्र मध्येच होतं. तेवढी एकटी तिची आई समोर तोंड करून, कपाळाला तो ठिपका.

हौसा कधी ओसरीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन उभी राहायची. मी हाक मारली की पळायची. विहिरीवर तिची आई भेटायची, मान हलवून पुढे जायची. एकदा मी विचारलं, काही कळलं का? ती म्हणाली, "पोरगी सकाळ उठून आदी माजा करंडा उघडून बघती, बाई. मग त्वांड धुती."

वैशाखात साताऱ्याहून निरोप आला. माझं लग्न ठरलं होतं. मी निघाले तेव्हा हौसाच्या बापाची खबर नव्हती, भिंत तशीच होती, आणि मामा चुन्याची पोती मोजून घेत होते. लहान गाडी हलली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं याची लाज साताऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आली, आणि पुढे संसाराच्या गडबडीत कुठेतरी तळाशी जाऊन बसली. मी मामांना पत्रं लिहायची. त्यांत सगळ्यांची चौकशी असायची, त्या एका घराची नसायची. उत्तर काय येईल याची भीती वाटायची.

युद्ध संपलं. तुमच्या थोरल्या आत्याच्या बारशाला मामा साताऱ्याला आले. पाळण्याशी उभे राहून मला म्हणाले, "हौसाचा बाप आला गं. लंगडतो, पण आला." मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हटलं, "सुटले बाई!" एवढंच. हौसा पुन्हा शाळेत येते का, हे मी विचारलं नाही. माझ्यापुरतं ते प्रकरण मिटलं होतं.

त्यानंतर घरं बदलली, तुमचे आजोबा गेले, तुम्ही लांब गेलात. हळदीच्या वासाचे ते कपडे कधी विरले आठवत नाही. गेल्या वर्षी मामांच्या मुलीकडून कळलं की हौसा आहे, सासरच्या गावी नीट आहे. मी तुमच्या बाबांना म्हटलं, मला तिथे ने.

तो माळ आता ओळखू येत नाही. जिकडेतिकडे द्राक्षांचे मांडव. हौसा पडवीत बेदाणे निवडत बसली होती. पांढरे केस, कपाळाला ठसठशीत कुंकू. मी नाव सांगितलं.

"साताऱ्याच्या बाई?" ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. "आवं, तुमी अजून हाय व्हय!"

"तू पण आहेस की."

"म्या कुटं जातीय. बसा. ए, चा टाक गं, सुरेख कर. आमच्या बाई आल्यात."

तिला तो शब्द आठवत होता. चहा झाला. आई कधी गेली विचारलं. "आय सवाशीन गेली. बा तिच्यामागं लय वर्सं जगला. काटी टेकत पार शंभरी गाटतोय का काय वाटलं." मग मी इतक्या वर्षांनी तो प्रश्न विचारला. शाळा?

"कुटली साळा? बा आला तवर माजं लगीन ठरल्यालं." तिने बेदाण्यांतली एक काडी उचलून फेकली. "मास्तरास्नी म्या सांगितलं हुतं, बाईस्नी कळवा, बा आला म्हून. कळवलं न्हवतं व्हय?"

"कळवलं होतं," मी म्हटलं.

"मला वाटलं, तुमी येशिला."

 तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. पुढची मूठ निवडायला घेतली.

निघताना अंगणात पाय ठेवला आणि थबकले. येताना हौसाच्या सुनेच्या गडबडीत पाहिलं नव्हतं. उंबऱ्यापुढे मोठी रांगोळी होती, हौसाच्याच हाताची. ती रेघ मी कुठेही ओळखली असती. वेली, मोर, कमळं. पिवळा, निळा, हिरवा. कमळाच्या पाकळ्यांत काहीच भरलेलं नव्हतं. मोराशेजारी एक कोंबडा होता, त्याचा तुरा नुसता रेघेचा.

"आत्याबाईंच्या रांगोळीत लाल नसतंय," सून हसत म्हणाली. "म्या बाजारातनं पुडी आनती, तशीच ऱ्हाती. म्या भरते म्हनलं तर भरू द्यायच्या न्हाईत."

"गप गं," हौसा म्हणाली. "सवं लागली."

"हौसा, आता भर की गं," मी म्हटलं. "तुझा बाप आला. आई सवाष्ण गेली."

"आवं, ते खरं हाय." तिने रांगोळीकडे पाहिलं. "पर हात जात न्हाई."

सई, तुझ्याकडे कुणी मूल घरून रंग घेऊन आलं, तर तो कुणाचा ते विचार. आणि ते जेवढा म्हणेल तेवढाच घे. मला तुला एवढंच सांगता येतं.

शाळेची ती ओसरी पाडून नवी इमारत झाली आहे. मामा-मामी नाहीत, हौसाचे आईबाप नाहीत, भिंतीवरच्या पाठमोऱ्या बाया त्याच वर्षी चुन्याखाली गेल्या. हौसा आहे. रोज सकाळी ती अंगणात रांगोळी काढते, आणि तिच्यात लाल जागा कोरी असते.